बर्फावरचे किडे राहतात कुठे आणि खातात काय?

हिमाचलातल्या हम्पता पासच्या बर्फावर जूनमध्ये काळे ठिपके उड्या मारताना दिसले आणि त्यांच्या आसपास मेलेल्या माश्या, भुंगेरे, एक-दोन फुलपाखरंही पडली होती, असं तुम्ही लिहिलंय. तुमचे प्रश्न तीन: हे किडे एवढ्या थंडीत राहतात कुठे, गवताचं पातंही नसलेल्या जागी खातात काय, आणि दोन-चार बरणीत घालून पुण्याला आणले तर फ्रिजमध्ये जगतील का. शेवटच्याचं उत्तर शेवटी देतो. पहिले दोन मात्र एकत्रच घ्यावे लागतात, कारण उंचावरच्या किड्यांना घर बर्फच देतो आणि जेवणही बर्फच राखून ठेवतो.

आधी तुम्हाला दिसलेली गर्दी वेगळी करू. मेलेले होते ते जवळजवळ सगळे पाहुणे. उन्हाळ्यात दिवस वर आला की दरी तापते आणि हवा उतार धरून वर चढायला लागते. हिमाचलात ट्रेक केलेल्यांना हा दुपारचा वारा ठाऊक असतो. त्या हवेबरोबर मावा, पंखवाल्या मुंग्या, माश्या, लेडीबर्ड, फुलपाखरं असं काहीबाही ओढलं जातं. खिंडीजवळ पोचेपर्यंत हवा थंडगार झालेली असते, पंखांचे स्नायू आखडतात आणि किडा बर्फावर पडतो. तिथून तो सहसा उठत नाही. अंगाचा रंग काळपट असेल तर तो ऊन शोषतो, भोवतीचा बर्फ वितळवतो आणि आपल्याच खळग्यात रुतत जातो. रात्री वरून पुन्हा गोठतं. त्यामुळे चार दिवसांपूर्वीचा किडाही तिथे खाण्यालायक राहतो.

आग्र्याच्या सेंट जॉन्स कॉलेजातले कीटकशास्त्रज्ञ एम. एस. मणी यांनी १९५०च्या दशकात वायव्य हिमालयात मोहिमा काढल्या. उंचावरच्या कीटकांवरचं त्यांचं काम १९६२ आणि १९६८ साली पुस्तकरूपाने आलं. वाऱ्याने वर येऊन पडणाऱ्या या किड्यांकडे त्यांनी निव्वळ कचरा म्हणून पाहिलं नाही, तिथल्या अन्नसाखळीचा तो भाग मानला. आपल्याकडे कीटकशास्त्र म्हटलं की पिकावरची कीड एवढंच डोळ्यांसमोर येतं, म्हणून मणींचं नाव इथे मुद्दाम घेतोय.

उड्या मारणारे ठिपके मात्र तिथलेच रहिवासी. वर्णनावरून ते स्प्रिंगटेल असणार. पाय सहा असले तरी हल्ली त्यांना काटेकोर अर्थाने कीटकांत धरत नाहीत, पण त्यांना टाळून बर्फावरच्या अन्नाबद्दल बोलताच येत नाही. एक-दोन मिलिमीटरचा जीव. पोटाखाली एक दुबेळकं दुमडून अडकवलेलं असतं, ते सुटलं की तो टुणकन उडतो. दिशा वगैरे काही ठरलेली नसते. हे खातात बर्फावरचं शैवाल, बुरशीचे तंतू आणि परागकण. पाइनच्या जातीच्या झाडांच्या परागकणांना हवेच्या दोन बारीक पिशव्या असतात, त्यामुळे ते फार लांब आणि फार उंच जातात. उन्हाळ्याच्या तोंडाला बर्फावर पिवळसर भुकटी दिसते ती बहुधा हीच. कधी बर्फ कलिंगडाच्या गरासारखा गुलाबी दिसतो, ते शैवाल असतं. त्याच्या पेशी हिरव्याच, पण प्रखर उन्हापासून वाचण्यासाठी लाल रंगद्रव्य भरून घेतात. आल्प्सच्या हिमनद्यांवर राहणारा एक स्प्रिंगटेल याच दोन गोष्टींवर आणि हिमनदीवरच्या काळ्या धुळीवर जगतो. शून्याच्या आसपास तो मजेत असतो, दहा-बारा अंशांच्या वर गेलं की त्याचा जीव धोक्यात येतो.

याच धाग्यावरून एक जुनं कोडं सुटलं. १९२४च्या एव्हरेस्ट मोहिमेतले निसर्गतज्ज्ञ हिंग्स्टन यांना सुमारे ६,७०० मीटरवर उड्या मारणारे छोटे कोळी सापडले. हिरवी वनस्पती कितीतरी खाली राहिलेली. मग हे खातात काय? एकमेकांना खात असतील, असा तर्क त्यांनी केला. सगळ्यांनीच एकमेकांना खाल्लं तर जमात किती दिवस टिकणार, हा प्रश्न उरतोच. पुढे लॉरेन्स स्वान यांनी त्याचा छडा लावला. हे अमेरिकन जीवशास्त्रज्ञ जन्माने दार्जिलिंगचे आणि १९५४ साली मकालू शिखराच्या मोहिमेत गेलेले. कोळी खातात स्प्रिंगटेल आणि बारीक माश्या, त्या माश्या आणि स्प्रिंगटेल खातात बुरशी आणि कुजका पाला, आणि तो पाला येतो वाऱ्याने खालून. म्हणजे झाडं असतात एका उंचीवर आणि त्यांना खाणारे राहतात हजारो फूट वर. वनस्पतींची हद्द संपते तिथून वर, फक्त वाऱ्याच्या आणलेल्यावर चालणारा हा पट्टा स्वान यांनी वेगळा ओळखला.

आता राहण्याची जागा. आपल्याला वाटतं की बर्फ म्हणजे थंडी, म्हणून जितका बर्फ जास्त तितकं जगणं कठीण. किड्याच्या दृष्टीने हिशेब उलटा आहे. ताज्या भुसभुशीत बर्फात नव्वद टक्क्यांच्या आसपास हवाच असते आणि अडकलेली हवा उष्णता जाऊ देत नाही. हातभर बर्फ साचला की बाहेर उणे वीस असलं तरी खाली जमिनीलगत तापमान शून्याच्या जवळपास थांबतं. जमिनीतली उरलीसुरली ऊब बर्फाचा तळ हळूहळू पोखरते, तिथे बोट-दोन बोटं उंचीची पोकळी तयार होते. अंधारी, दमट, वारा नाही, आणि दिवसरात्रीच्या तापमानात फरक नगण्य. हिवाळाभर किड्यांचा संसार तिथे चालतो. खरा धोका असतो वाऱ्याने बर्फ उडवून नेलेल्या उघड्या धारेवर, किंवा हिमवृष्टी कमी झालेल्या वर्षी. पांघरूण गेलं की जमीन गोठते आणि तिच्यातले जीवही.

बर्फ वितळायला लागला की मुक्काम दगडांच्या राशीत हलतो. पायथ्याशी साचलेल्या त्या राशींच्या फटींत थंड हवा जड म्हणून खाली बसून राहते, आत कुठे कुठे बर्फ ऑगस्टपर्यंत टिकतो. उघड्या दगडाचा वरचा पृष्ठभाग उन्हात चटका बसेल इतका तापतो, आणि त्याच दगडाच्या खालची माती ओली, गार. वीतभर अंतरात दोन वेगळे हवामान! हिमालयातले जमिनीवर धावणारे कितीतरी भुंगेरे हा फरक वापरतात. दिवसा दगडाखाली, संध्याकाळी बर्फाच्या कडेला. बर्फाची कड जशी मागे सरकते तसे तेही सरकतात, कारण कडेशी दोन गोष्टी एकत्र मिळतात: पाझरणारं पाणी, आणि वितळलेल्या बर्फातून बाहेर पडलेले ते अडकलेले पाहुणे. यांतल्या पुष्कळांना पंख नसतात किंवा नावापुरते असतात. अशा वाऱ्यात उडणं म्हणजे घराबाहेर फेकलं जाणं.

थंडीवाचून ज्याचं चालतच नाही असा कीटक विचाराल तर मी आइस क्रॉलरचं नाव घेईन. हिमालयात तो सापडलेला नाही. उत्तर अमेरिकेचे पश्चिमेकडचे डोंगर, जपान, कोरिया, ईशान्य चीन, रशियाचा अतिपूर्व भाग आणि अल्ताई पर्वत ही त्याची ठिकाणं. जाती जेमतेम तीसेक. पहिला सापडला १९१३ साली कॅनडात बान्फजवळच्या सल्फर माउंटनवर, आणि पुढच्या वर्षी एडमंड वॉकर यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. दोन-तीन सेंटिमीटर लांब, मधाच्या रंगाचा, लांब मिशा, शेपटाकडे तसेच दोन धागे, पंख अजिबात नाहीत, डोळे बारीक, तर गुहेतल्या काही जातींना डोळेच नाहीत. डोकं नाकतोड्याच्या कुळाची आठवण करून देतं आणि चपटं अंग झुरळाची, त्यामुळे त्याला कुठल्या गटात बसवायचं यावर बरीच वर्षं खल झाला. त्याचे सगळ्यात जवळचे नातेवाईक निघाले दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या, तापत्या माळांवर, आणि तो गट विज्ञानाला २००२ साली कळला!

आइस क्रॉलरला हवं असतं १ ते ४ अंश. तळहातावर घेतला तर आपल्या अंगाच्या उबेने तो तडफडतो. इथवर बहुतेकांनी वाचलेलं असतं. कमी सांगितली जाते ती दुसरी बाजू. उणे सात-आठच्या आसपास अंगात बर्फाचे स्फटिक धरतात आणि तो मरतो. बर्फात राहणाऱ्या किड्याला गोठणं सोसत नाही! म्हणजे त्याला कडाक्याची थंडी नको, एकसारखी थंडी हवी. वरच्या बाजूला वीसेक अंशांची भिंत, खालच्या बाजूला उणे आठची, आणि मधली अरुंद गल्ली कायम उघडी ठेवणारी जागा म्हणजे बर्फाखालची पोकळी, दगडांच्या राशीचं पोट, बर्फ साठलेली गुहा किंवा थंड झालेल्या लाव्हारसाचा बोगदा. उन्हाळ्यात तो दगडांत खोल उतरतो, हिवाळ्यात बर्फाच्या आडोशाला वर येतो.

जेवण रात्री. अंधार पडला की तो बर्फाच्या पृष्ठभागावर येतो आणि मिशांनी चाचपत फिरतो. दिवसभरात पडलेल्या माश्या, भुंगेरे, पतंग, जे गारठून निपचित पडलंय ते त्याचं. पळणारी शिकार त्याला फारशी झेपत नाही आणि गरजही पडत नाही. अधूनमधून वनस्पतींचे तुकडेही पोटात सापडतात, म्हणजे तो निव्वळ मांसाहारी नाही. खाणं तुटलं की आपल्याच जातीच्या लहानग्यालाही सोडत नाही. आणि एवढ्या थंडीत शरीराचं सगळंच सावकाश चालतं, त्यामुळे एका जेवणावर तो पुष्कळ दिवस काढतो. अंडी मॉसमध्ये, मातीत किंवा कुजक्या लाकडात घालतो. ती उबायलाच वर्षभर लागतं, मग पिल्लू कात टाकत टाकत मोठं होतं, आणि अंड्यापासून प्रौढ व्हायला पाच ते सात वर्षं जातात. आपल्या उन्हाळ्यात घरमाशीचं हेच काम आठ-दहा दिवसांत उरकतं. तुमच्यापैकी कुणी सिॲटलकडे राहत असेल तर माउंट रेनियरच्या परिसरात उन्हाळ्याच्या सुरुवातीला, रात्री, हेडटॉर्च लावून बर्फाच्या पट्ट्याची कड न्याहाळा. दिवसा जाऊन काही दिसणार नाही.

हिमालयाचा स्वतःचा मानकरी वेगळा आहे, आणि मला विचाराल तर तो आइस क्रॉलरपेक्षा जास्त विलक्षण. नेपाळमधल्या लांगटांग खोऱ्यात ‘याला’ नावाची हिमनदी आहे, ५,१०० मीटरच्या वर. तिथे जपानी संशोधक शिरो कोशिमा यांना एक चिलट सापडलं आणि १९८४ साली त्यांनी ते जगापुढे मांडलं. लांबी तीनेक मिलिमीटर. आपल्याकडे नदीकाठी संध्याकाळी डोक्यावर थवे घोंघावतात त्या न चावणाऱ्या चिलटांच्याच घराण्यातलं, पण याचे पंख खुरटलेले, उडता येत नाही. ते चालतं. उणे १६ अंशांतही ते चालताना नोंदलं गेलंय. इतक्या थंडीत हालचाल करणारा कीटक तोवर कुणी पाहिला नव्हता.

याच्या जेवणात मात्र वाऱ्याने आणलेल्या किड्यांचा भाग नाही. त्याच्या अळ्या हिमनदीच्या आत वाढतात. उन्हाळ्यात वितळलेलं पाणी बर्फातून वाट काढतं, त्या पाटांच्या तळाशी नीलहरित शैवालाचा आणि जिवाणूंचा थर धरतो, तोच अळ्या खातात. पाणी शून्याला टेकलेलं. हिमनदीवरची काळपट धूळही निर्जीव माती नसते, तिच्यात याच शैवालाचे धागे गुंतलेले असतात. काळी धूळ ऊन शोषते, बर्फ वितळतो, पाणी होतं, शैवाल वाढतं, अळी पोसते. इथे माती, झाड, गवत काहीही लागत नाही.

अडचण एवढीच की पाणी खाली वाहतं आणि हिमनदीही खाली सरकते. अळ्या पिढ्यान्‌पिढ्या खालीच जात राहिल्या तर एक दिवस हिमनदीच्या तोंडातून बाहेर पडतील. त्यावर माद्यांनी काढलेला तोडगा कोशिमांनी पुढच्याच वर्षी मांडला. अंडी घालण्याआधी माद्या हिमनदीवरून चढणीच्या दिशेने चालत जातात, आणि सूर्यावरून दिशा धरून सरळ रेषेत चालतात. तीन मिलिमीटरच्या जिवाने हिमनदी चढायची! हे चिलट कोळ्याचं किंवा दुसऱ्या कुणाचं भक्ष्य असो नसो, त्याचं सगळं आयुष्य एकाच बर्फाच्या लादीवर अवलंबून आहे. ‘याला’ हिमनदी गेली काही दशकं आक्रसते आहे, आणि न उडणाऱ्या किड्याला शेजारच्या खोऱ्यात जाता येत नाही. अमेरिकेत मोंटानाच्या डोंगरांत बर्फाच्या पाण्यावर जगणाऱ्या स्टोनफ्लाय नावाच्या कीटकांच्या दोन जातींना २०१९ साली धोक्यातल्या प्रजाती म्हणून कायद्याचं संरक्षण मिळालं, त्यामागचं कारणही वितळता बर्फच.

गोठण्यापासून वाचायचे मार्ग थोडक्यात सांगतो, कारण प्रश्न अन्नाचा आहे, पण ग्लिसरॉलसारखी द्रव्यं तयार करायला खाल्लेलंच खर्ची पडतं. एक मार्ग, अंगातलं पाणी शून्याखालीही द्रव ठेवायचा. त्यासाठी ही द्रव्यं आणि स्फटिकांना वाढू न देणारी प्रथिनं कामी येतात. गोठायला निमित्त नको म्हणून पुष्कळ किडे हिवाळ्याआधी आतडं रिकामं करतात. पोटातला अन्नाचा कण हाच बर्फाचा स्फटिक धरायला पुरेसा असतो. दुसरा मार्ग, गोठू द्यायचं पण पेशींच्या आत नाही. न्यूझीलंडच्या डोंगरांवरचा दगडाखाली राहणारा वेटा, आपल्या रातकिड्यांचा धिप्पाड चुलतभाऊ म्हणा, अंगातलं ८२ टक्क्यांपर्यंत पाणी गोठलं तरी सकाळी वितळून पुन्हा पाला खायला निघतो. आणि तिसरा मार्ग स्नो फ्लाय नावाच्या, बर्फावर चालणाऱ्या बिनपंखी माशीचा. पायात गोठण सुरू झाली की ती तो पाय तोडून टाकते, बर्फ धडापर्यंत पोचायच्या आत. हे २०२३ मध्ये सिॲटलच्या संशोधकांनी दाखवलं. प्रौढ स्नो फ्लाय फारसं काही खात नाही, सगळी शिदोरी अळी असताना मातीतल्या कुजक्या पाल्यातून भरून घेतलेली असते.

अपोलो फुलपाखरांना मात्र या यादीत घालू नका. लडाख-स्पितीत ४,००० मीटरच्या वर ती दिसतात, म्हणून लेखांतून त्यांना थंडीप्रेमी म्हटलं जातं. ती थंड प्रदेशात राहतात खरी, पण जगतात उन्हावर. अंगाजवळचा काळा रंग, लव, पंख पसरून दगडावर बसणं, हे सगळं ऊब गोळा करण्यासाठी. ढग आला की बसली. त्यांच्या सुरवंटांना स्टोनक्रॉपसारख्या ठरावीक वनस्पती लागतात. आइस क्रॉलर नेमका उलट, ऊन आलं की दडणारा.

सह्याद्रीत असं काही मिळेल का, हे कुणीतरी विचारेलच. नाही. कळसूबाई १,६४६ मीटर. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दव गोठतं, त्याची बातमीही होते, पण उन्हं आली की संपलं. असल्या किड्यांना महिनोन्‌महिने टिकणारा गारवा लागतो.

आता बरणी. घरच्या फ्रिजचं तापमान ४-५ अंश, म्हणजे आकड्याने जमल्यासारखं वाटतं. पण फ्रिजची हवा कोरडी असते आणि या जिवांची कातडी पातळ, ते सुकून मरतात. मनाली ते पुणे प्रवासात तर त्याआधीच संपतील. शिवाय कायदा आहे. राष्ट्रीय उद्यानात आणि अभयारण्यात परवानगीशिवाय किडा उचलणं गुन्हा ठरतो. २००८ साली दार्जिलिंगजवळच्या सिंगालीला राष्ट्रीय उद्यानात कीटक गोळा केले म्हणून दोन चेक नागरिकांना अटक झाली होती. ते तर त्या विषयातले जाणकार होते.

त्यापेक्षा पुढच्या वेळी पाहायची वेळ बदला. ट्रेकवाले दुपारी बारापर्यंत खिंड ओलांडून मोकळे होतात, आणि हे जीव बाहेर येतात ते सूर्य कलल्यावर किंवा उजाडायच्या आत. मुक्काम बर्फाच्या पट्ट्याजवळ असेल तर टॉर्च घेऊन कडेकडेने दहा पावलं चाला, बर्फ आणि ओली माती मिळतात ती रेघ पाहा. दगड उचललात तर हळूच, आणि होता तसाच परत ठेवा. उलटा ठेवलेला दगड म्हणजे खालच्यांचं घर मोडणं. बोटाने उचलू नका, कागदाच्या तुकड्यावर घ्या. फोटोबरोबर उंची, वेळ, आणि किडा बर्फावर होता की दगडाखाली एवढं लिहून ठेवा, आणि शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून एक फोटो काढा, नाहीतर दोन मिलिमीटरचा स्प्रिंगटेल आणि दोन सेंटिमीटरचा भुंगेरा फोटोत सारखेच दिसतात.